न जुळलेल्या ओळी

मला घडवून कुंगला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. महिन्याच्या शेवटचे शनिवार घरी काढता येणार होते. जेवणाचा डबा संगणकासमोर न उघडता आवारातल्या आंब्याखाली उघडता येणार होता. आणि मोठ्या डॉक्टरांचं दारातून डोकावून "झालं का?" विचारणं थांबणार होतं. एवढा लाभ दिसत असला की माणूस नवी विद्या शिकायला तयार होतो.

मित्रांनो, मी एक जुनी शीट आहे. पलंगावर अंथरतात ती नव्हे, छपरावर ठोकतात तीही नव्हे. मी संगणकातली, उभ्या-आडव्या रेघांची. माझ्या बहिणी तुम्ही दुकानांत पाहिल्या असतील. त्यांच्यात लोक आकडे भरतात आणि तळाशी बेरीज मागतात. माझं काम निराळं. ठिकठिकाणच्या तक्त्यांना गोळा करायचं, त्यांना एका वळणावर आणायचं आणि एकमेकांशी जुळवायचं, हा माझा धंदा.

माझा जन्म थायलंडच्या ईशान्य भागातल्या, म्हणजे ईसानमधल्या, नोंग तेंगच्या आरोग्यकेंद्रात झाला. दाराबाहेर चपलांची रास, आत भिंतीवर गुरगुरणारा पंखा, आणि टेबलाखाली कुणीतरी प्रेमानं आणून दिलेली, झाकण घट्ट लावूनही वास मारणारी आंबवलेल्या माशांची बरणी. कुंग तिथे परिचारिका होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर आरुनरात असं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त पट्टीनंच वाचलं असेल. जन्मली तेव्हा लालबुंद आणि वाकडी होती म्हणून घरच्यांनी तिला कुंग म्हटलं. कुंग म्हणजे कोळंबी. गावकरी मात्र तिला डॉक्टर म्हणत. आमच्याकडे आरोग्यकेंद्रात जो खुर्चीवर बसेल तो डॉक्टर. मग खऱ्या प्रमुखांना काय म्हणायचं? मोठे डॉक्टर. त्यांचं नाव विचियन. माणूस सज्जन होता. दोनच गोष्टींना घाबरायचा: तालुक्याच्या बैठकीला, आणि रिकाम्या चौकटीला.

केंद्राच्या हाताखाली गावोगावच्या आरोग्यसेविका होत्या. पगारी नव्हेत, हौसेच्या. प्रत्येकीच्या वाट्याला काही घरं. कुणाचा रक्तदाब चढला, कुणाच्या रांजणात डासांच्या अळ्या झाल्या, कुणाला दिवस गेले, हे सगळं त्या बघत आणि महिनाअखेरीला फोनवरून आपापला तक्ता कुंगकडे धाडत. आणि काय ते तक्ते, मित्रांनो! एकीचे महिने आडवे पसरलेले, दुसरीचे उभे. एक बुद्धाचं वर्ष लिहायची, दुसरी परदेशी. एक आजारी माणसाची ओळ लाल करायची, दुसरी मेलेल्याची. सायथोंग नावाच्या सेविकेच्या तक्त्यातल्या लाल ओळीचा अर्थ तर कुंगला वर्षभर लागला नव्हता. शेवटी विचारलं, तेव्हा सायथोंग म्हणाली, ते घर भांडकुदळ आहे, तिथे मी परत जायची नाही.

हे सगळं कुंग हातानं एकत्र करायची. इथून उचल, तिथे चिकटव. एकदा दुपारी, पंखासुद्धा गरम हवा फेकत होता तेव्हा, चिकटवता चिकटवता तिचं लक्ष वरच्या पट्टीतल्या एका बटणाकडे गेलं. रोज समोर असलेलं बटण. तिला वाटलं, हे इथे कशाला ठेवलंय? असं वाटणारी माणसं फार नसतात. बाकीच्यांना बटण दिसतं, प्रश्न दिसत नाही.

तिनं ते दाबलं, आणि माझा जन्म झाला.

कुंगला प्रोग्रामची एक ओळही लिहिता येत नव्हती आणि तिनं लिहिलीही नाही. ती फक्त दाखवत गेली. या फोल्डरमधले सगळे तक्ते एकाखाली एक लाव. नावापुढचं श्रीमती, कुमारी उडव. बुद्धाच्या वर्षातून पाचशे त्रेचाळीस वजा कर. हे आडवे झोपलेले महिने उठवून उभे कर. तिनं एकेक टिचकी मारली आणि मी एकेक पायरी लक्षात ठेवली. बाजूला त्या पायऱ्यांची रांग लागली, जशी स्वयंपाकाची कृती असावी तशी. पुढच्या महिन्यात नवे तक्ते आले, कुंगनं "ताजं कर" दाबलं, आणि मी सगळी कृती पहिल्यापासून, न विसरता, न कुरकुरता करून दाखवली. कुंगनं खुर्ची मागे ढकलली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं काही न बिघडवता पुन्हा दाबून पाहिलं. मग मुद्दाम एका तक्त्यात खोटं नाव घालून दाबलं, मग ते काढून दाबलं. मुलं पाण्यात खडा टाकतात ना, तसं.

माझे ते चांगले दिवस होते. पाहुणे आले की मोठे डॉक्टर त्यांना कुंगच्या टेबलाशी आणत आणि म्हणत, "ही आमची यंत्रणा." पाहुणे मान डोलवत. त्यांना माझ्यातलं काही कळत नसे, पण रिकामी चौकट कुठे नाही एवढं दिसत असे, आणि ते मोठ्या डॉक्टरांना पुरे होतं.

मग डोळ्यांचं पथक येणार असल्याचं पत्र आलं. प्रांताच्या मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर तालुक्याला येऊन म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढणार होते. आमच्याकडे ही गोष्ट रोज होत नाही. एकदा हुकली की पुन्हा केव्हा, हे पथकालाही ठाऊक नसतं. केंद्रानं करायचं एवढंच: कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्यातलं कुणाचं नाव सरकारी उपचारांच्या नोंदवहीत आहे, त्यांची यादी द्यायची.

म्हणजे माझ्याकडे दोन तक्ते आले. एक सेविकांचा: घरोघर जाऊन, बॅटरी मारून तपासलेले डोळे. दुसरा नोंदवहीचा, कुंगनं वर्षाच्या सुरुवातीला उतरवून घेतलेला. दोन्ही जुळवायचे होते. पण कशावरून?

खरं तर ओळखपत्राच्या क्रमांकावरून जुळवायला हवे होते. माणसाचं काहीही बदललं तरी तो बदलत नाही. पण मागच्या वर्षी गावातल्या एका निवृत्त मास्तरांना फोन आला होता. पलीकडचा स्वतःला पोलीस म्हणवत होता आणि फार अदबीनं बोलत होता. मास्तरांनी त्याला आपला क्रमांक सांगितला आणि सूर्य मावळायच्या आत खातं धुऊन निघालं. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता, सेविकांच्या फोनमध्ये कुणाचाही क्रमांक लिहायचा नाही. हुकूम शहाणपणाचाच होता. म्हणून सेविकांच्या तक्त्यात नाव, घर आणि वय एवढंच असे, आणि कुंगनं मला नावावरून जुळवायला सांगितलं.

जुळवायच्या वेळी मी एक प्रश्न विचारते, मित्रांनो. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी विचारते, जे जुळणार नाहीत त्यांचं काय करू? ठेवू की टाकू? ठेवल्या तर त्या ओळींत पुढे रिकाम्या चौकटी राहतात. कुंगनं एकदा मोठ्या डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं आणि "दोन्हीकडे आहेत तेवढेच ठेव" यावर टिचकी मारली.

मी तेवढेच ठेवले. यादी अशी स्वच्छ निघाली की मोठे डॉक्टर ती हातात धरून स्वतः तालुक्याला गेले. सगळ्या केंद्रांत ती पहिली पोचली. बैठकीत तालुक्याच्या साहेबांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं. मोठ्या डॉक्टरांनी परत येताना सगळ्यांसाठी भाजलेली कोंबडी आणि चिकट भात आणला. सकाळी गावोगावच्या प्रमुखांनी भोंग्यावरून यादीतली आपापल्या गावची नावं वाचली. ज्यांची आली त्यांच्या घरी लोक भेटायला गेले.

कुणीही तक्रार केली नाही. मी चुकले असते तर लाल अक्षरांत ओरडले असते. पण जी ओळ मी टाकते ती पडताना आवाज करत नाही.

आवाज केला तो सायथोंगनं, आणि तोही दुसऱ्याच कारणासाठी. केंद्राच्या फळ्यावर गावागणिक किती डोळे तपासले आणि किती यादीत गेले, याचं रंगीत चित्र कुंगनं लावलं होतं. सायथोंगला यंदा उत्तम सेविकेचा मान हवा होता. मान मिळाला असता तर तिचा फोटो तालुक्याच्या कचेरीत लागला असता, आणि तिच्या जावेला रोज त्या कचेरीत कामाला जावं लागत असे. हा लाभ केवढा मोठा, ते जावा असलेल्यांनाच कळेल.

ती चित्रासमोर उभी राहिली, तिनं बोटांवर मोजलं आणि चपला न काढताच आत आली.

"डॉक्टरीणबाई, माझी नावं कुणी खाल्ली?"

"ताई, नावं खाऊन कुणाचं पोट भरतं?" कुंग म्हणाली.

"ज्याचा फोटो लागेल त्याचं भरतं. मी दिली त्याहून कमी दिसतायत. पलीकडच्या गावाची बरी सगळी आली."

कुंगनं तिला बसायला सांगितलं आणि मला उघडलं. तिला वाटलं होतं, सायथोंगचं मोजणं चुकलं असेल. पण मोजणं बरोबर होतं. आत गेलेल्या ओळी जास्त होत्या आणि बाहेर आलेल्या कमी. इथे एखादीनं "यंत्राची काहीतरी भानगड" म्हणून विषय संपवला असता. कुंगच्या कपाळावर मात्र ती बटण सापडलं त्या दिवशीची आठी आली. ती माझ्या पायऱ्यांवरून खाली उतरत उतरत जुळवणीच्या पायरीपाशी थांबली. तिथे मी विचारलेला प्रश्न अजून तसाच होता आणि त्याच्या उत्तरांची यादीही. तिनं या वेळी दुसरंच उत्तर निवडलं: पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत, तेवढेच दाखव.

इतके दिवस मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी काय ठेवलं तेच सगळ्यांनी पाहिलं होतं. काय टाकलं, ते मी पहिल्यांदाच दाखवलं.

सायथोंगच्या गावच्या थोड्याच ओळी होत्या. एकीतले आजोबा तपासणीनंतर वारले होते. एक आजी मुलाकडे बँकॉकला जाऊन तिकडेच नोंद करून बसल्या होत्या. एका आजोबांच्या नावापुढे सायथोंगनं "मोठ्यानं बोला" असं लिहून ठेवलं होतं, म्हणून ते जुळत नव्हते. पण तेच आजोबा दुसऱ्या एका सेविकेच्या तक्त्यातून यादीत आधीच गेलेले होते.

"हे तर शेजारच्या ताईंच्या वाट्याचे," कुंग म्हणाली. "तुमच्याकडे कसे?"

सायथोंगनं पंख्याकडे पाहिलं. पंखा किती जुना झाला आहे, असं काहीतरी ती म्हणाली.

शेवटच्या ओळीवर मात्र दोघी थबकल्या. म्हणजे कुंग थबकली. नाव होतं नेत्नफा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पूर्ण पांढरा. वय सत्तरीपुढचं. आमच्याकडे सत्तरीपुढच्या बायकांची नावं अशी नसतात. त्यांची नावं सोनं, भात, कमळ अशी आखूड आणि मातीतली. नेत्नफा हे टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीचं नाव. कुंगनं घराचा क्रमांक घेतला आणि नोंदवहीत तेच घर शोधलं. त्या घरात नेत्नफा नव्हती. तिथे खामकोन नावाची बाई होती, त्याच वयाची. आणि सायथोंगच्या तक्त्यात त्या घरी खामकोन नव्हती. एकाच घरातून एक म्हातारी नाहीशी झाली होती आणि तिच्याच वयाची दुसरी उगवली होती.

"ताई, ही नेत्नफा कोण?"

सायथोंग इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. मग तिनं सगळं सांगितलं. ती आपली खामकोन आजी. डोळे धुरकट व्हायला लागले तेव्हा ती तळ्यापलीकडच्या देवळातल्या भिक्खूंकडे गेली. त्यांनी जन्मवार विचारला. मंगळवार. मंगळवारी जन्मलेल्याला क, ख, ग ही अक्षरं बाधतात, आणि हिच्या नावात तीच ठासून भरलेली. भिक्खूंनी नवं नाव काढून दिलं, ज्यात डोळेही आहेत आणि आभाळही. आजी नातवाच्या गाडीवर बसून तालुक्याला गेली, रीतसर नाव बदललं, नवं ओळखपत्र घेऊन आली. आता कुणी खामकोन म्हटलं तर ओ देत नाही. नवं नाव सगळ्यांच्या तोंडी बसल्याशिवाय गुण येत नाही म्हणे. गावात कुणाच्या तोंडी ते बसत नव्हतं, पण सायथोंगनं निदान तक्त्यात लिहिलं होतं, कारण आजीनं समोर बसून तिला लिहायला लावलं होतं.

माझ्याकडची नोंदवही त्याच्या आधीची होती. डोळे बरे व्हावेत म्हणून जिनं नाव बदललं, ती त्याच नावामुळे डोळ्यांच्या यादीतून गळली होती.

हसणं आधी सायथोंगचंच थांबलं. "पथक यायला किती अवकाश आहे?" तिनं विचारलं. कुंगनं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला आणि दोघी सायथोंगच्या, बाजूला हातगाडी जोडलेल्या मोटरसायकलवर निघाल्या. म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

आजी खांबांवर उभ्या घराच्या खाली, सावलीत, मागाशेजारी बसली होती. रेशमाच्या लडीला गाठी मारत होती. आमच्याकडे नक्षी आधी धाग्यात बांधतात, मग रंगवतात, मग विणतात. गाठ एका धाग्यानं सरकली की नागाच्या नक्षीतला नाग मोडतो. आजीची नक्षी तिच्या आईची होती आणि ती अजून कुणाच्या हातात गेलेली नव्हती. नात शिकायला तयार होती, बसतही होती. पण शिकवायचं म्हणजे दुसऱ्याची चुकलेली गाठ दिसायला हवी. आपली गाठ बोटांना कळते. नातीची कळत नाही. त्या महिन्यात नातीनं विणलेला पट्टा मागावर तसाच होता. त्यात कुठे चुकलं होतं, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं, फक्त आजीला नाही.

कुंगनं जवळ बसून बॅटरी मारली. एका डोळ्यात वाफवलेल्या माशासारखा पांढरा गोळा होता. दुसऱ्यात थोडी फट उरली होती.

"आजी, भोंग्यावर यादी ऐकली होती ना तुम्ही? तुमचं नाव नव्हतं. विचारायला का नाही आलात?"

"डॉक्टरांना आधीच कामं किती," आजी म्हणाली. "त्यात माझं एक लचांड कशाला. आणि नाव अजून नवं आहे, पोरी. नवा जोडा थोडा चावतोच."

तिच्या हिशेबी यादीचा दोष नव्हता, डॉक्टरांचा नव्हता. नाव अजून मुरलं नव्हतं, एवढंच. ती त्याला मुरायला वेळ देत होती.

कुंगनं तिला समजावलं की नोंदवहीत अजून जुनंच नाव आहे. काम लवकर व्हावं म्हणून यादीत खामकोन असं घालू, शस्त्रक्रिया झाली की झालं. आजीच्या हातातली गाठ अर्धी राहिली.

"नको. डोळे त्या बाईचे गेले. नेत्नफाचे अजून गेलेले नाहीत."

यावर सायथोंगला काहीतरी बोलायचं होतं, पण कुंगनं तिचा हात दाबला. मग तिनं आजीचं नवं ओळखपत्र मागितलं, घर आणि जन्मतारीख माझ्यात टिपली आणि परत निघाली.

आता मोठे डॉक्टर. त्यांच्यापुढे काय होतं, ते बघा. यादी दुरुस्त करायची तर त्यांनी तालुक्याला फोन करून सांगायचं, की जिचं तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलंत ती यादी अपुरी होती. आमच्याकडे माणूस पैसे गेले तर रडतो, तोंड गेलं, म्हणजे चारचौघांत अब्रू गेली, तर गाव सोडतो. फोन न करण्यात त्यांचा लाभ असा होता, की काहीच होणार नव्हतं. आजी येऊन विचारणार नव्हती. पथक येऊन गेलं असतं.

कुंगनं आधी हवेचं बोलून घेतलं. मग त्यांच्या आवडत्या पपईच्या तिखट कोशिंबिरीची पुडी टेबलावर ठेवली. मग खाली मान घालून तिनं सांगितलं. सगळं ऐकून मोठ्या डॉक्टरांनी पुडी बाजूला सारली.

"म्हणजे यादी चुकली," ते म्हणाले. "कुणाकडून?"

खरं उत्तर कुंगला ठाऊक होतं. टिचकी तिनंच मारली होती. का मारली तेही ठाऊक होतं. ती ज्या दाराकडे पाहून मारली, ते दार आता उघडं होतं आणि त्याच्या आत ती उभी होती. खरं सांगितलं तर दोघांचंही तोंड जाणार होतं, आणि तोंड वाचवायला निघालेला माणूस फोन करत नाही.

"शीट जुनी झाली, सर," कुंग म्हणाली. "तिनं शिळी नोंदवही धरली."

मोठ्या डॉक्टरांचे खांदे खाली आले. "म्हणजे शीटची चूक."

"शीटचीच, सर."

मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तरी मी गप्पच राहिले असते, कारण मोठ्या डॉक्टरांनी त्याच क्षणी फोन उचलला होता. तालुक्याच्या माणसाशी ते अगदी मोकळेपणानं बोलले. जुनी शीट आहे, हो, ओळी गाळते, आम्हीच पकडलं, बरं झालं वेळेत लक्षात आलं. पलीकडून काही चौकशी झाली नाही. माणूस चुकला असता तर खुलासा मागवला असता, शिक्का लागला असता, समिती बसली असती. यंत्र चुकलं म्हटल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं. प्रत्येकाच्या घरी एखादं असतं. आजीचं नाव, नवं नाव, तिथल्या तिथे यादीत लिहिलं गेलं.

पथक आलं. आधी आजीच्या पांढऱ्या डोळ्यावर आणि मग दुसऱ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायच्या दिवशी कुंग आणि सायथोंग दोघी तिथे होत्या. आजीनं डोळे मिचकावले, खूप वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग मान वर केली.

"सायथोंग," ती म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

घरी गेल्यावर तिनं हातपाय धुवायच्या आधी नातीचा पट्टा मागवला, उन्हात धरला, आणि ज्या गाठीपासून नाग वाकडा चालायला लागला होता, तिच्यावर बोट ठेवलं. नातीला तो सगळा उसवावा लागला. उसवताना नात रडली आणि आजी हसली, असं सायथोंगनं केंद्रात येऊन सांगितलं.

आता गावात बोलबाला कशाचा झाला असेल? नावाचा. डॉक्टरांनी नुसतं कापलं, गुण नेत्नफा या नावानं दिला, यावर गावाचं एकमत झालं. भोंग्यावर नाव नव्हतं तेही मागाहून आलं, म्हणजे नाव मुरलंच ना? तळ्यापलीकडच्या देवळात रांग लागली. गुडघेवाले, दमेवाले, लॉटरीवाले, सगळे नवी नावं घेऊन तालुक्याच्या कचेरीत उभे राहिले. एका वर्षात अर्धं गाव माझ्याकडून गळलं असतं.

पण तोवर मला कुणी उघडत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या बैठकीत जुन्या शीटांचे धोके या विषयावर भाषण केलं आणि त्याचंही कौतुक झालं. कुंगनं नवी शीट केली. ती क्रमांकावरून जुळवते. सेविका क्रमांक अजूनही फोनमध्ये लिहीत नाहीत, केंद्रात येऊन कुंगसमोर सांगतात. नोंदवही दर महिन्याला नवी उतरवतात. आणि त्या शीटमध्ये एक जास्तीचं पान आहे, त्याचं नाव "न जुळलेले". कुंग दर महिन्याला ते आधी उघडते आणि एकेका ओळीला विचारते, तू कोण? कुणी मागितलेलं नाही, कुठे पाठवायचं नाही. कधी त्यात फक्त एक जास्तीची मोकळी जागा सापडते. कधी एखादी नवी नवरी सापडते, तर कधी अशी म्हातारी, जिचं वय सेविकेनं विचारायचं धाडस केलेलं नसतं. कुंगला आता या ओळींचीच गोडी लागली आहे. जुळलेल्या ओळींत, ती म्हणते, आपल्याला आधीच ठाऊक असलेली माणसं असतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या शीटा तुमच्याही हाताखाली येतील. तुम्हाला प्रोग्राम लिहिता येत नसला तरी काही बिघडत नाही. कुंगलाही येत नव्हता. बटण कुठे आहे ते विचारा, मग दाबून पाहा, मग मुद्दाम बिघडवून पाहा. आणि आम्ही जेव्हा विचारू, जुळणार नाहीत त्यांचं काय करू, तेव्हा घाईनं उत्तर देऊ नका. आम्हाला साफ पुसून चकचकीत ठेवाल तर आम्हाला आनंदच आहे. पण आम्ही टाकलेलं एकदा वाकून बघत जा. आम्ही सांगितलेलंच करतो, आणि टाकताना आमचे हात थरथरत नाहीत; ते थरथरणं तुमच्याकडे असायला हवं.

आता हिशेब मिटवते. आजीला डोळे मिळाले, नातीला नक्षी. सायथोंगचा फोटो कचेरीत लागला, जाव रोज तो पाहते. मोठ्या डॉक्टरांचं तोंड जागच्या जागी आहे. भिक्खूंना श्रेय मिळालं, त्यांनी ते मागितलं नव्हतं. कुंगचं गेलं ते एवढंच, की एक टिचकी ती कुणालाही सांगू शकत नाही, आणि म्हणून दर महिन्याला ते जास्तीचं पान वाचते. बाकी सगळा दोष माझ्या नावावर आहे. जुन्या फोल्डरात माझ्यापुढे लिहिलंय, चुकीची, वापरू नये. कुंगनंच लिहिलं. पुसून मात्र टाकलं नाही.